दूरसंचाराचा विद्यार्थी: पुण्याची वाट आणि हिंगोलीचा प्रश्न

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथील कितीतरी घरांत एक यादी तयार होऊ लागते. प्रथम महाविद्यालयाचे नाव, त्यापुढे शाखा, शाखेपुढे मागील वर्षी प्रवेश ज्या गुणांवर थांबला तो आकडा. या यादीत ‘अणुविद्युत आणि दूरसंचार’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘ई अँड टीसी’, ही शाखा बहुधा संगणकाच्या खाली लिहिली जाते. संगणक मिळाला नाही, तर मग ही. घरातील वडीलधाऱ्यांचा तिच्याविषयीचा आक्षेपही ठरलेला असतो. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, घरोघरचा वायरचा फोन अडगळीत गेला आणि भारत संचार निगममधील सुमारे ७८ हजार कर्मचारी जानेवारी २०२० अखेर स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. ज्या खात्यात चिकटणे म्हणजे जन्माची सोय मानली जाई, त्याचीच ही गत झाली. मग मुलाने किंवा मुलीने त्या विषयाची पदवी घेऊन करावे तरी काय?

हा प्रश्न अवाजवी नाही. शिक्षणावर आयुष्याची पुंजी लावणाऱ्या आईवडिलांनी तो विचारलाच पाहिजे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे. खाते म्हणजेच विषय, आणि खाते आटले की विषयही आटला, असे ते गृहीतक. ते कितपत खरे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका दूरसंचाराच्या विद्यार्थ्याची वाटचाल जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. त्याने पदवी घेतली ती १९५६ साली, पुण्यात. नाव थॉमस कैलाथ.

कैलाथ यांचा जन्म ७ जून १९३५ रोजी पुण्यात झाला. कुटुंब मूळचे केरळातील सीरियन ख्रिस्ती; घरात मल्याळम, बाहेर मराठी आणि शाळेत इंग्रजी, असा त्या काळच्या पुण्यातील अनेक परप्रांतीय घरांसारखाच त्यांचाही व्यवहार. वडील बियाण्यांच्या व्यापारात नोकरीला होते. घर सुशिक्षित, पण बेताच्या मिळकतीचे. शिक्षण पुणे कॅम्पातील सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूलमध्ये झाले. जेझुइट धर्मगुरूंनी चालविलेली ही शाळा १८६७ पासूनची. या बालपणात चमत्कार शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. गणित चांगले होते, शिस्त होती आणि पुढे शिकायचे हे घरात गृहीत होते. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना पाळण्यातच पाय दाखविण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिला येथे वाव कमी.

शाळेनंतर ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आले. मुळा-मुठेच्या संगमाजवळचे, १८५४ साली एका छोट्या वर्गातून सुरू झालेले हे महाविद्यालय. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेचे विद्यार्थी. स्थापत्य, यंत्र, विद्युत या जुन्या शाखांच्या मानाने दूरसंचार ही तेथे नवी शाखा होती. पुणे विद्यापीठही तसे नवेच, १९४९ सालचे. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, म्हणजे कैलाथ यांच्या विद्यार्थिदशेतच. दूरसंचार म्हणजे त्या वेळी रेडिओ, तार आणि ट्रंक कॉल. परगावी बोलायचे तर क्रमांक नोंदवून तासन्‌तास थांबावे लागे. ग्राहकाने स्वतःच क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम १९६० साली झाली, तीही केवळ लखनौ आणि कानपूर या दोन शहरांदरम्यान. त्या शाखेच्या पदवीधरापुढचा सरळ मार्ग कोणालाही सांगता आला असता: टपाल व तार खाते, आकाशवाणी, सैन्यदलाचे सिग्नल्स, फार तर बंगळूरची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज किंवा नुकतीच निघालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स.

त्याच सुमारास मराठवाड्यात काय होते? हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि परभणी हैदराबाद राज्यात. राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. कैलाथ पदवीधर झाले ते हेच वर्ष. औरंगाबादचे विद्यापीठ १९५८ सालचे, तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे, नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय तर थेट १९८१ सालचे. म्हणजे १९५६ साली हिंगोलीच्या एखाद्या हुशार मुलाला अभियंता व्हायचे असते, तर त्याला उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबाद किंवा मग पुणे-मुंबई गाठावी लागली असती. पुण्यात जन्मलेल्या मुलाला नदीकाठी जे मिळाले, ते मराठवाड्यातील मुलाच्या दारी येण्यास आणखी पाव शतक जावे लागले. या तफावतीची आठवण ठेवूनच पुढचे वाचावे. कैलाथ यांच्या वाट्याला आलेले सर्वच केवळ त्यांच्या गुणांचे फळ नव्हते.

पदवीनंतर वर्षभराने, १९५७ साली, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एम.आय.टी.मध्ये दाखल झाले. आज परदेशी शिक्षण म्हटले की कर्जाचा अर्ज, तारण आणि जामीनदार डोळ्यांपुढे येतात. त्या वेळी शैक्षणिक कर्ज ही कल्पनाच रूढ नव्हती. डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता. हे ‘पैसे’सुद्धा नवे होते, कारण आणे-पै जाऊन दशमान चलन १ एप्रिल १९५७ रोजीच आले होते. शिवाय रुपये असून भागत नसे. त्याच वर्षी देशात परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली होती आणि डॉलर मिळविणे हे मोठे जिकिरीचे काम होते. बेताच्या मिळकतीच्या घराला हा खर्च पेलवणारा नव्हता. मार्ग निघाला तो संशोधन साहाय्यकाच्या कामामुळे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायचे, त्याचा मोबदला मिळवायचा आणि त्यातूनच शिकायचे, ही ती व्यवस्था. परदेशातील चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.साठी ती आजही आहे. केवळ पदव्युत्तर पदवीसाठी कर्ज काढून जाणे आणि संशोधनासाठी साहाय्यक म्हणून जाणे, या दोन्हींत घराच्या ताळेबंदाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कितीतरी पालकांना ते ठाऊक नसते.

एम.आय.टी.ची इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळा ही युद्धकाळात तात्पुरती म्हणून उभारलेल्या एका लाकडी इमारतीत होती. ती ‘तात्पुरती’ इमारत पन्नासहून अधिक वर्षे वापरात राहिली. तेथील वातावरण मात्र भारलेले होते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला होता आणि ते त्या सुमारास एम.आय.टी.तच प्राध्यापक झाले होते. शॅनन यांच्या आधी तार, टेलिफोन, रेडिओ, चित्रवाणी ही वेगवेगळी यंत्रे मानली जात. शॅनन यांनी दाखविले की या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: एका ठिकाणचा संदेश, वाटेतील गोंगाट पार करून, दुसऱ्या ठिकाणी कमीत कमी चुकांनी कसा पोहोचवायचा? आणि त्याला वाहिनीच्या क्षमतेची एक निश्चित मर्यादा आहे. ती गणिताने काढता येते. आठवडी बाजाराच्या कल्लोळात दूरच्या माणसाला निरोप सांगायचा असेल तर आपण तो पुन्हा पुन्हा सांगतो, सावकाश सांगतो, खुणा करतो. किती वेळा सांगितले म्हणजे पुरे, आणि त्याहून कमीत भागविण्याची युक्ती कोणती, याचे ते शास्त्र होते.

कैलाथ यांनी प्रबंधासाठी निवडलेला प्रश्न यापुढचा होता. गोंगाट आहेच, पण वाटच जर क्षणोक्षणी बदलत असेल तर? लघुलहरींचा रेडिओ ऐकलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. रात्री सिलोन किंवा बीबीसी लावले की आवाज भरून येई, मध्येच ओसरे, पुन्हा परते. आकाशातील ज्या थरावरून लहरी परततात तो स्थिर नसतो, हे त्याचे कारण. अशा बदलत्या वाटेवरून संदेश कसा न्यावा, यावरील कामासाठी १९६१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. एम.आय.टी.तून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले भारतीय. पुणे सोडून चार वर्षे झाली होती आणि वय होते सव्वीस.

त्यानंतर कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत वर्षभर काम करून १९६३ च्या आरंभी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आले आणि पुढची सर्व कारकीर्द तेथेच झाली. येथून पुढे घटनांची जंत्री देण्यात फार अर्थ नाही. महत्त्वाचे आहे ते त्यांनी विषयाशी राखलेले नाते. साधारण दर दहा वर्षांनी त्यांनी कामाचे क्षेत्र बदलले. साठच्या दशकात संदेशवहन आणि अनुमान, सत्तरच्या दशकात प्रणाली व नियंत्रण, ऐंशीच्या दशकात संकेत-प्रक्रिया आणि चिपची रचना, नव्वदच्या दशकात चिपनिर्मिती आणि बिनतारी दळणवळण. एखाद्या शाखाधिकाऱ्याची दर तीन वर्षांनी बदली व्हावी आणि प्रत्येक नव्या गावी त्याने पहिल्या दिवसापासून खातेदारांना नावाने ओळखावे, तसा हा प्रकार वाटतो. पण त्यामागे जादू नव्हती. गाव बदलले तरी हिशेबाची पद्धत एकच असते. कैलाथ यांची पद्धत होती रेषीय बीजगणित आणि संभाव्यतेचे गणित.

त्या पद्धतीचा एक नमुना समजून घेण्यासारखा आहे. १९६८ साली त्यांनी मांडलेला हा विचार ‘इनोव्हेशन्स’ या नावाने ओळखला जातो. मराठीत ‘नवांश’ म्हणता येईल. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षकांच्या पासबुकात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला निवृत्तिवेतन जमा होते, विजेचे बिल वजा होते, आवर्ती ठेवीचा हप्ता जातो. काउंटरवरील जुन्या कारकुनाला या नोंदींतून नवे काहीच कळत नाही. त्या तो न पाहताही सांगू शकला असता. एके दिवशी अचानक पन्नास हजार रुपये काढले जातात. ती नोंद मात्र काहीतरी सांगते. आजारपण असेल, लग्न असेल, घराची डागडुजी असेल. म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीतून ‘अपेक्षित होते तेवढे’ वजा केले की जे उरते, तीच खरी माहिती. सतत येणाऱ्या गोंगाटयुक्त मोजमापांतून प्रथम असे नवांश वेगळे काढावेत आणि मग त्यांच्या आधारे अनुमान करावे, म्हणजे एरवी किचकट भासणारा प्रश्न सुटसुटीत होतो, हे कैलाथ यांनी दाखवून दिले. विमानाचा मागोवा घेणाऱ्या रडारपासून ते संदेशग्राहक यंत्रांपर्यंत असंख्य ठिकाणी अनुमानाचे हे गणित वापरले जाते. १९८० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘लिनियर सिस्टिम्स’ हे पुस्तक जगभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी अभ्यासले. भारतातीलही.

आता मोबाइलकडे वळू. औंढ्याच्या परिसरातील टेकड्यांच्या आडोशाला वसलेल्या एखाद्या वस्तीत मोबाइलचे जाळे नीट का मिळत नाही? मनोऱ्यापासून निघालेली लहर थेट येत नाही. टेकडीवर आपटून, टाकीवर आपटून, पत्र्यांवरून परावर्तित होऊन, चार वाटांनी आणि चार निरनिराळ्या वेळी येते. हे तुकडे एकमेकांना खोडतात. अनेक दशके अभियंते या बहुमार्गी लहरींना शत्रू मानत आले. या शत्रूलाच मित्र करण्याची कल्पना ज्यांनी मांडली त्यांचे नाव आरोग्यस्वामी पॉलराज.

पॉलराज यांची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे. तमिळनाडूतील पोलाचीचा हा मुलगा कोवळ्या वयातच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात शिरला, नौदलाने त्याला दिल्लीच्या आय.आय.टी.त पाठविले, तेथे त्याने डॉक्टरेट मिळविली आणि पुढे त्याच्या नेतृत्वाखाली भारतीय नौदलासाठी ‘अप्सो’ ही सोनार यंत्रणा विकसित झाली. समुद्राच्या अथांग गोंगाटात पाणबुडीची चाहूल ओळखणे हे तिचे काम. म्हणजे पुन्हा तेच: गोंगाट आणि त्यात दडलेला संकेत. ऐंशीच्या दशकात ते काही काळ कैलाथ यांच्या गटात काम करून आले होते. १९९१ साली नौदलातून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा स्टॅनफर्डला गेले. तेथे त्या दोघांनी फेब्रुवारी १९९२ मध्ये अर्ज केलेले पेटंट सप्टेंबर १९९४ मध्ये मंजूर झाले.

कल्पना अशी. पाठविणाऱ्याकडे एक अँटेना आणि घेणाऱ्याकडे एक, याऐवजी दोन्हीकडे अनेक अँटेना ठेवा. प्रत्येक अँटेनावरून, त्याच वेळी आणि त्याच लहरींवर, संदेशाचा निराळा भाग पाठवा. वाटेत ते सर्व एकमेकांत मिसळतील, हे खरे. पण लहरी वेगवेगळ्या वाटांनी येत असल्यामुळे घेणाऱ्या प्रत्येक अँटेनाकडे पोहोचणारे मिश्रण थोडे वेगळे असते. दोन अज्ञात संख्या आणि दोन समीकरणे असतील तर दोन्ही उत्तरे निघतात, हे आठवी-नववीचे बीजगणित. तसेच येथे होते. टेकडीमुळे, इमारतींमुळे निर्माण झालेल्या निरनिराळ्या वाटा नसत्या तर ही समीकरणे सारखीच निघाली असती आणि उत्तर मिळाले नसते. आरंभी अनेक तज्ज्ञांचा यावर विश्वास बसला नाही. आज ‘मायमो’ या नावाने हे तंत्र घरातील वायफायमध्ये, ४-जी आणि ५-जीमध्ये आहे. हातातील मोबाइलमध्येही एकाहून अधिक अँटेना असतात त्या याचसाठी. वर्गात समीकरणाची जोडी सोडविताना ‘याचा पुढे काय उपयोग’ असे विचारणाऱ्या मुलांना दाखविण्यासारखे याहून चांगले उदाहरण सहसा सापडत नाही.

कैलाथ यांच्या आणखी एका कामाचा ओझरता उल्लेख पुरे. चिपवरील रेषा प्रकाशाच्या साहाय्याने छापल्या जातात. पण प्रकाशाची तरंगलांबी २४८ नॅनोमीटर आणि रेषा हवी शंभराहून बारीक. म्हणजे जाड टाकाने केसाएवढी रेघ ओढण्यासारखे. कैलाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न चक्क संकेत-प्रक्रियेचा म्हणून हाताळला आणि मुखवट्याची रचनाच अशी केली की प्रकाशाच्या लहरी एकमेकींना नको तेथे खोडतील. त्यातून निघालेली कंपनी २००३ साली एका मोठ्या उद्योगाने विकत घेतली. रेडिओच्या वर्गात शिकलेले गणित चिपच्या कारखान्यात कामास आले, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

मानसन्मान पुष्कळ झाले. २००० साली माहितीशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा शॅनन पुरस्कार, २००७ साली विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे मानपदक, २००९ साली भारत सरकारचे पद्मभूषण, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक. या अखेरच्या पदकाच्या गौरवपत्रात संशोधनाच्या बरोबरीने तरुण अभ्यासकांना त्यांनी सातत्याने केलेल्या मार्गदर्शनाचाही उल्लेख आहे. शंभराहून अधिक डॉक्टरेट व डॉक्टरेटोत्तर संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

या सर्वांत टपाल व तार खाते कोठेच आले नाही. १९५६ साली ज्या नोकऱ्यांसाठी दूरसंचाराची शाखा घ्यावी असे कोणीही सांगितले असते, त्यांपैकी तार नाहीशी झाली, ट्रंक कॉल नाहीसा झाला. विषय मात्र इतका पसरला की आज तो ओळखूही येत नाही.

आता हिंगोलीकडे परत यावे, कारण या विषयाने हिंगोलीचाच पत्ता शोधून काढला आहे. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी जाणाऱ्यांना औंढा नागनाथ तालुका परिचित आहे. त्याच तालुक्यातील दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी, आणि २०३० च्या सुमारास काम सुरू करण्याचे उद्दिष्ट. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. त्यांतून धावणारा लेसर किरण. आणि दूरवरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर गेली की त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. जमिनीचा कंप, दूरची वाहतूक, वाऱ्याचा धक्का, उपकरणाची स्वतःची कुजबुज, या सगळ्यांतून ती लहर ओळखायची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी ती प्रथम टिपली तेव्हा संपूर्ण घटना सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आटोपली होती.

ती ओळखण्याची एक प्रमुख रीत रडारच्या काळापासून दूरसंचार अभियंत्यांच्या परिचयाची आहे. अपेक्षित संकेताचा आकार आधी गणिताने काढायचा आणि तो नमुना नोंदींवरून सरकवत न्यायचा. जेथे जुळेल तेथे थांबायचे. स्वाक्षरीच्या नमुनापत्रिकेशी धनादेशावरील सही ताडून पाहावी, तसे. गुरुत्वलहरींसाठी अशा नमुन्यांची पेढी कशी रचावी यावर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभापासून मूलभूत काम केले, लहर प्रत्यक्ष सापडण्यापूर्वी तब्बल दोन तपे. कैलाथ यांचा या प्रकल्पाशी संबंध नाही. पण गणित एकाच घराण्यातील आहे, आणि ते ज्या शाखेच्या अभ्यासक्रमात ‘संकेत आणि प्रणाली’, ‘यादृच्छिक प्रक्रिया’ अशा नीरस नावांनी शिकविले जाते, ती शाखा ‘ई अँड टीसी’ आहे.

मग हिंगोलीच्या विद्यार्थ्याची वाट कशी असेल? बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, सीईटी, आणि जवळ म्हणाल तर नांदेडची ती १९८१ सालची शासकीय अनुदानित स्वायत्त संस्था, जेथे ही शाखा आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याचा मार्गही आहे आणि ग्रामीण भागातील मुलांसाठी तो कमी लेखण्यासारखा नाही. पैशाची अडचण असेल तर बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही आणि हमी निधीच्या आधाराने साडेसात लाखांपर्यंतही तारणावाचून कर्ज मिळू शकते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. मात्र शिक्षणाच्या काळातील व्याज साचत असते, ते होईल तसे दरमहा भरत राहावे; चार वर्षांनंतरचा हप्ता त्याने लक्षणीय हलका होतो. फॉर्म भरताना ही गोष्ट सांगितली जाते, पण ती ऐकली जातेच असे नाही. जुन्या करपद्धतीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावटही मिळते.

पदवीनंतरचे मार्ग आज एकाहून अधिक आहेत. गेट परीक्षा देऊन पदव्युत्तर शिक्षण. इस्रो, संरक्षण संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या निवड परीक्षा. लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, जिच्या चार विषयांपैकी एक आजही ‘इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार’ हाच आहे. चिपनिर्मितीसाठी केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिच्या कारखान्यांना लागणारे मनुष्यबळ याच शाखेतून जायचे आहे. ज्यांना संगणक क्षेत्रातच जायचे, त्यांनाही ही पदवी आडवी येत नाही. उलट जाणे मात्र तितके सोपे नाही, हे प्रवेशाच्या यादीत क्रम लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. अर्थात प्रत्येक महाविद्यालयात ही शाखा चांगली शिकविली जाते असे नाही. प्रयोगशाळेला कुलूप आणि जर्नल मात्र पूर्ण, असा प्रकार अनेक ठिकाणी असतो. प्रवेश घेण्यापूर्वी तेथील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून एवढेच विचारावे की मागच्या सहामाहीत प्रयोगशाळेत किती तास काढले आणि गणित कोण शिकविते. माहितीपत्रकातील पगाराच्या आकड्यांपेक्षा या दोन उत्तरांतून अधिक कळते.

दुधाळ्याच्या वेधशाळेची जबाबदारी पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम खाते यांच्याकडे आहे. ती चालू झाल्यावर तेथे रात्रंदिवस भुजांतील आरसे, लेसर आणि संवेदक यांवर नजर ठेवणारे, नोंदींतून खोटे इशारे वगळणारे, शेकडो वाहिन्यांतील गोंगाट तपासणारे अभियंते व तंत्रज्ञ लागतील. त्यांतील काही परदेशांतून येतील, काही पुण्या-बंगळूरहून. २०२६ साली नांदेडला प्रथम वर्षात प्रवेश घेणारा हिंगोलीचा विद्यार्थी २०३० साली पदवीधर होईल.